मुक्ता बॉस्टनला असते

२० ऑगस्ट २००६, रविवार

ईराला हॉस्टेलवर सोडून आलो. नेपरव्हिलहून तीन तास, दोन्ही बाजूंना मका. सामान अर्धं तिचं, अर्धं वसुधाने 'लागेल' म्हणून भरलेलं. त्यात कुकर. खोलीत गॅस नसतो हे सांगून झालं होतं. "असू दे," म्हणाली.

रूममेट लिंडसे, मुलगी बरी वाटली. तिच्या आईने सहज विचारलं, मुलं किती तुम्हाला? मी "दोन मुली" म्हणालो आणि त्याच क्षणी वसुधा "एक" म्हणाली. बाई हसल्या. ईरा गादीवर चादर घालत होती, तिने मान वर केली नाही.

मुक्ताला जाऊन अडीच वर्षं झाली. मार्चमधला बर्फ, आयोवाचा हायवे, कॉलेजातून सुट्टीला घरी येत होती. दर वेळी एवढंच लिहून होतं.

परतताना गाडीत वसुधा खिडकीबाहेर बघत होती. मका यंदा चांगला आहे, असं मी एकदा म्हणालो.

२७ ऑगस्ट, रविवार, गणेश चतुर्थी

शाळेच्या हॉलमध्ये मंडळाचा गणपती. आठवडाभर इन्शुरन्सच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या आणि रविवारी गुरुजी व्हायचं. एम.ए. संस्कृतचा इलिनॉयमध्ये दुसरा उपयोग नाही. प्राणप्रतिष्ठा चालू असताना खिशात फोन थरथरला. मूर्तीत प्राण यायच्या आधी खिशात आले.

नंतर बाहेर जाऊन बघितलं तर ईरा. "बाबा, मी रश करणार आहे."
"घाई कसली?"
"नाही रे. रश. सोरोरिटी. मुली एकत्र राहतात त्या हाउसेसमध्ये. लिंडसे करतेय, मी पण."

आत येऊन बोललो ते मंडळातल्या शैलाताई देव यांनी ऐकलं. दोन्ही हात कानांना. "अहो गुरुजी, दारू, पार्ट्या आणि मुलगे. आमच्या अमेयने सगळं सांगितलंय."
"अमेयला मुलींच्या घरातलं कसं माहीत?"
शैलाताई प्रसादाच्या रांगेकडे वळल्या.

वसुधाचं मत विचारलं. "तिला वाटतंय तर करू दे." मग डबे आवरताना, "सोरोरिटी म्हणजे भगिनीसंघच ना हो?"
"हो."
डब्यांची झाकणं चुकीच्या डब्यांना लावत होती.

१० सप्टेंबर, रविवार

ईराचा फोन, आवाज बसलेला. दोन दिवस घराघरांत फिरतेय. पद्धत अशी: मुलींचा जथा एका घरासमोर उभा राहतो, दार उघडतं, आतल्या मुली टाळ्या वाजवत गाणं म्हणतात, प्रत्येक मुलगी एकेकीला हात धरून आत नेते, बसवते, सरबत देते आणि विचारते: गाव कुठलं, काय शिकतेस, छंद काय. थोड्या वेळाने घंटा. पुढचं घर. संध्याकाळी ती घरं ठरवतात, कुणाला परत बोलवायचं.

"हे कांदेपोहे झाले," मी म्हणालो. "फक्त पोहे नाहीत."
"बाबा, तू प्लीज गंभीर हो."
"गंभीरच आहे. पत्रिका मागतात का?"
"जीपीए मागतात."

हसली. ते हसणं ऐकून बरं वाटलं. मग म्हणाली, पुढच्या फेरीपर्यंत आतल्या मुली बाहेर भेटल्या तरी त्यांनी आमच्याशी बोलायचं नाही, नियम आहे. म्हणजे सोवळं पण आहे. घरांना तीन-तीन ग्रीक अक्षरांची नावं. ग्रीक संस्कृतची चुलत बहीण, तेव्हा अगदी परक्या घरी चाललीय असंही नाही.

तरी मनातून नको वाटतंय. का ते नीट लिहिता येत नाही. बहीण मतदानाने मिळते, हे काही...

१२ सप्टेंबर, मंगळवार, भाद्रपद वद्य पंचमी

ऑफिसच्या आधी बेसमेंटमध्ये तर्पण, आज मुक्ताची तिथी. वॉशिंग मशीनशेजारी पाट. वडील, आजोबा, पणजोबा, आई, सगळ्यांना पाणी दिलं. मग मुक्ताला.

बापाने लेकीचं करावं हे शास्त्रकारांना फारसं पसंत नाही. स्नेहापोटी केलं तर चालतं, अशी एक पळवाट त्यांनीच ठेवलीय. शास्त्रकारांनाही मुली असाव्यात.

पाणी हातावरून ताम्हनात जातं तेवढाच आवाज. वर वसुधा चहा करत होती. तिला माहीत असतं मी खाली काय करतोय, या दिवशी चहात साखर जास्त पडते.

१८ सप्टेंबर, सोमवार

निवड झाली. ईराला तिच्या पहिल्या पसंतीच्या घरातून बोलावणं आलं. हिरवळीवर सगळ्या धावत आल्या, मिठ्या मारल्या, टी-शर्ट दिला. फोटो पाठवलाय. ईरा त्यात मधोमध, तोंड उघडं, डोळे मिटलेले. असा फोटो तिचा बऱ्याच दिवसांत नाही.

पण हे साखरपुड्यासारखं. खरा प्रवेशविधी नोव्हेंबरमध्ये: पांढरे कपडे, मेणबत्त्या, काय म्हणतात ते गुप्त. तोवर मागे फिरता येतं. "तोवर मी पक्कं ठरवणार," म्हणाली. "तुला काय वाटतं?"

मी सगळा युक्तिवाद काढला. अभ्यास. वेळ. आपली माणसं नाहीत. तिने ऐकून घेतलं.

"बाबा, त्या घरात ना, जिन्यावरून सतत कुणीतरी धावत असतं. कुणीतरी ओरडतं, माझा चार्जर कुणी घेतला. आपल्याकडे फ्रिजचा आवाज येतो."

यावर पूर्वपक्ष संपला.

२४ सप्टेंबर, रविवार

"मला एक मोठी बहीण मिळणार आहे. 'बिग' म्हणतात. मी तिची 'लिटल'."
"मिळणार म्हणजे?"
"असाइन करतात. बहुतेक केटलिन. ती ज्युनिअर आहे, म्हणजे थर्ड इयरला. खूप छान आहे, बाबा."

फोन स्पीकरवर होता. वसुधा उठली आणि तिने खिडक्या बंद केल्या. गार पडलंय हे खरं, पण तेवढंही नाही.

१४ ऑक्टोबर, शनिवार

हा दिवस जसा झाला तसा लिहून ठेवतो.

कॉलेजात बाबा लोकांचा शनिवार. फुटबॉल, मग सोरोरिटीच्या घरी जेवण. दोघेही गेलो. जेवण फक्त बाबांना, म्हणून वसुधा ईराच्या खोलीत थांबली, खाऊचे डबे लावायला. (चकल्या, डिंकाचे लाडू. कुकर अजून खोक्यात.)

घर मोठं, पांढरे खांब. बाकीचे बाप माझ्या दुप्पट रुंद, सगळे नारिंगी टोप्यांत. एकाने बर्गर पुढे केला. मी शाकाहारी म्हटल्यावर त्याने त्यातला मांसाचा भाग काढून बाकीचा परत दिला. मनाने चांगला माणूस.

ईरा रांगेत होती. केटलिन माझ्याकडे आली. लाल केस, हात पुढे. "सर, ईरा सारखी तुमच्याबद्दल बोलते. आणि मुक्ताबद्दल."

नाव तिने अगदी बरोबर उच्चारलं. मला वाटलं, ईराने सांगितलं असणार सगळं. मी मान हलवली.

"बॉस्टन कसं वाटतंय तिला? मेडिकलचं पहिलं वर्ष म्हणजे झोपच नसेल. माझा भाऊ त्यातच आहे."

आजूबाजूला बाप हसत होते. केटलिनच्या चेहऱ्यावर काहीही वाकडं नव्हतं, खरोखर विचारत होती. मी म्हणायला हवं होतं की, पोरी, काहीतरी घोटाळा झालाय.

मी म्हणालो, "थंडीची कुरकुर करते. इलिनॉयमध्ये वाढलेल्या मुलीने बॉस्टनच्या थंडीला नावं ठेवावीत, म्हणजे बघा."

केटलिन हसली. "स्प्रिंगमध्ये भावंडांचा वीकएंड असतो. तिला आणाच!"

"विचारतो," मी म्हणालो. "बिझी असते."

वळलो तर मागे ईरा. दोन प्लेट्स धरून. माझ्याकडे ती बघत होती तसं माझ्याकडे आजवर कुणी बघितलेलं नाही.

हॉस्टेलकडे चालताना:
"तू का सांगितलंस असं?"
"तू का सांगितलंस?"
पानांवरून चालत राहिलो.

मग म्हणाली. पहिल्या दिवशी, पहिल्याच घरी विचारलं, भावंडं? तिने खरं सांगितलं. समोरच्या मुलीचे डोळे भरले, तिने हात धरला, म्हणाली आय ॲम सो सॉरी, आणि तेवढ्यात घंटा वाजली. तिला उठून टाळ्या वाजवत ईराला दारापर्यंत पोचवावं लागलं. रडत टाळ्या. त्या घराने परत बोलावलं नाही.

"नेक्स्ट हाउसमध्ये मी म्हटलं, ताई बॉस्टनला असते. इट वॉज सो ईझी, बाबा. आम्ही स्वेटर्सबद्दल बोललो. ताई माझे स्वेटर घेऊन जाते आणि परत देत नाही, त्याबद्दल. ते तर खरंच आहे."

वसुधाला काही सांगितलं नाही. गाडीत ती म्हणाली, "जेवायला काय होतं?"
"पाव."

१५ ऑक्टोबर, रविवार

हिशेब तपासला. वय बरोबर आहे. मुक्ताची पदवी यंदा मे महिन्यात झाली असती, मेडिकल ऑगस्टमध्ये. ईराने चूक केलेली नाही. चुका शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, मला एकही सापडली नाही.

गेला म्हणून ज्याचं सगळं करून टाकलं तो माणूस परत आला तर काय करायचं, हे शास्त्रात दिलेलं आहे. त्याला पुन्हा जन्माला घालायचं: न्हाऊ घालायचं, जातकर्म, नाव, सगळं पहिल्यापासून. म्हणजे तीही वेळ कुणावर तरी आली होती. पण एका घरात पाणी दिलंय आणि दुसऱ्या घरात ती थंडीची कुरकुर करतेय, याची सोय कुणी केलेली दिसत नाही.

मी ऑगस्टपासून या सोरोरिटीला नको म्हणत होतो. कालपासून मला वाटतंय, ईराने तिथे जावंच. जगात एकच घर आहे जिथे

पुढे लिहवत नाही.

१८ ऑक्टोबर, बुधवार

लंचमध्ये गाडीत बसून ईराला फोन. हवापाणी, मिडटर्म. मग मीच.
"काय करतेय ती सध्या?"
"ॲनॅटमी. तिला वास सहन होत नाही."
"बेडूक कापायच्या वेळी शाळेतून फोन आला होता."
"हो! ते मी सांगितलं केटलिनला."
"राहते कुठे?"
"अपार्टमेंट शेअर करते. एक कोरियन मुलगी आहे."
"आणि... मुलगा वगैरे?"
"आहे. त्याचं नाव अजून ठरलं नाही."

दोघंही हसलो. मोठ्याने. पार्किंगमधून जाणाऱ्या एका बाईंनी वळून बघितलं.

फोन ठेवल्यावर गाडी चालू केली आणि ऑफिस समोर असताना भलतीकडेच गेलो.

२१ ऑक्टोबर, शनिवार, लक्ष्मीपूजन

ईरा काल घरी आली. पूजा झाली, फराळ झाला. मुक्ताच्या फोटोसमोर पणती ठेवताना ईराने सगळं सांगून टाकलं. आईला. एका दमात, अर्धं इंग्रजीत. बॉस्टन, कोरियन मुलगी, बाबाने काय सांगितलं, बुधवारचा फोन.

मला वाटलं वसुधा खोटेपणाबद्दल बोलेल. ती करंजीचं ताट हातात धरून उभी राहिली.

"म्हणजे तुम्ही दोघांनी तिला मोठी केलीत," म्हणाली. "मला सोडून."

पणती अजून ईराच्या हातातच होती.

"एक, एक म्हणत मी दिवस काढतेय. दोन म्हटलं की लोक पुढचं विचारतात म्हणून. आणि तुम्ही तिकडे तिला डॉक्टर करताय. अहो, तिला डॉक्टर व्हायचं होतं हे मला तिने आधी सांगितलं होतं. तुम्हाला नंतर."

हे खरं आहे.

ईरा म्हणाली, "आई, आय ॲम सॉरी, मी सगळं सांगते त्यांना, मी सोडते सगळं." वसुधाने ताट ठेवलं. "सोडू नकोस. मी सोड म्हणाले का?" आणि वर निघून गेली.

२२ ऑक्टोबर, रविवार

ईराला परत सोडायला वसुधा गेली. मला "तुम्ही थांबा" म्हणाली. परत आल्यावर विचारलं, काय बोललात. "मका कापलाय सगळा," म्हणाली.

५ नोव्हेंबर, रविवार

प्रवेशविधी पुढच्या रविवारी. ईराने काहीही ठरवलेलं नाही. फोनवर सगळं मांडून दाखवलं, वकिलासारखं. खरं सांगून आत जायचं, तर सगळ्या रडतील, फार चांगल्या वागतील, आणि ती कायमची 'ती मुलगी' होईल. "आणि मग ताई तिथे पण नसणार." न सांगता जायचं, तर मेणबत्ती हातात घेऊन बहिणींशी खरेपणाची शपथ घ्यायची. "शपथेत ते आहे, बाबा. मी तुला सांगायचं नसतं, पण आहे." आणि सोडायचं, तर परत फ्रिजचा आवाज. हे शेवटचं ती बोलली नाही, मी घातलं.

"तू सांग ना."

आयुष्यभर लोकांना मुहूर्त काढून दिले, कुणाची मुंज, कुणाची वास्तुशांत. विचारलं की सांगायचं. या वेळी म्हणालो, "आईला विचार."
"आई म्हणते बाबाला विचार."

९ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी ऑफिसात अनोळखी नंबर. केटलिन. कुजबुजत, उत्साहात. रविवारी विधीनंतर चहापाणी असतं. प्रत्येक नव्या मुलीच्या लांब असलेल्या माणसाला फोन लावून स्पीकरवर ठेवतात, अचानक. "ईरासाठी आम्हाला मुक्ता हवी. तिचा नंबर द्याल? ईराला सांगू नका हं, प्लीज."

माझ्यासमोर स्क्रीनवर कुणाच्या तरी पॉलिसीत मृत्यूची तारीख जन्माच्या आधीची पडली होती. ती चूक मी सकाळपासून शोधत होतो.

म्हणालो, "विचारून सांगतो."
"शनिवार संध्याकाळपर्यंत?"
"हो."

ईराला सांगू नका म्हणाली होती. लगेच ईराला लावला.
"तू काय म्हणालास?"
"विचारून सांगतो म्हणालो."
"कुणाला विचारून, बाबा?"

११ नोव्हेंबर, शनिवार

केटलिनचं मागणं दोन दिवस खिशात घेऊन हिंडलो. आज दुपारी जेवण झाल्यावर वसुधाला सांगितलं. ती भांडी विसळत होती. नळ बंद केला, हात पुसले. चिडेल असं वाटलं होतं.

"आवाज कुणाचा लावणार होतात?" एवढंच विचारलं.
"तसं नाही गं, मी फक्त..."
"विचार आला होता की नाही?"
"आला होता."
"मलाही आला असता," म्हणाली.

मग हात पुढे केला. "नंबर द्या."
"कुणाचा?"
"त्या केटलिनचा. आणि तुम्ही फोन करू नका. मी आधी ईराशी बोलते."
"काय सांगणार आहेस?"
"तिने काय ठरवलंय ते ऐकणार आहे. मग मी काय ते बोलेन. सगळं तुम्हीच दोघं बोललात इतके दिवस."

कॉर्डलेस घेऊन वर गेली. आमच्या खोलीत नाही, मुक्ताच्या. दार लावून घेतलं.

मी जिन्यात बसलोय, ही वही मांडीवर. आतून आवाज येतोय वसुधाचा. सलग, बराच वेळ. ती एवढं बोलते हे मी विसरलो होतो. शब्द कळत नाहीत. कळावेत म्हणून दोन पायऱ्या वर सरकलो, तरी नाहीत. मध्ये एकदा हसली, किंवा हसणं नसेल ते. चोवीस वर्षांच्या संसारानंतर दारापलीकडून एवढं ओळखता यायला हवं होतं.

केटलिनला संध्याकाळपर्यंत सांगायचंय. नोव्हेंबरात इथे साडेचारलाच दिवे लावावे लागतात. खाली जाऊन लावायला हवेत. दार अजून उघडलेलं नाही.